जुनी गाडी आणायला ‘परदेशात’: धाराशिवची खासगी लॉरी आणि बार्शीची सरहद्द

समजा, तुमच्याकडे स्वतःची एक लॉरी आहे. भाड्याने चालत नाही, घरच्या कामाला आहे. सरहद्दीपलीकडे कुठेतरी जुन्या गाड्या स्वस्तात मिळतायत असं कळलं. तुम्ही लॉरी घेऊन गेलात, एक मोडकी जीप टाकली मागे नाहीतर बांधली दोराने, आणि परत आलात. आता सांगा, हा प्रवास खासगी की व्यापारी? लॉरीतली जीप म्हणजे माल, वाहन, की नुसतं भंगार? नाक्यावर कर द्यायचा तो कशावर, किती, आणि कुठल्या नाण्यात?

युरोपात जुन्या गाड्यांचा शौक असणाऱ्यांना हा प्रश्न रोजचा आहे. तुम्हाला वाटेल, मराठवाड्याच्या इतिहासाशी याचा काय संबंध? मी काम करते ते हैदराबाद संस्थान आणि मुंबई प्रांत यांच्यातल्या मोटार वाहतुकीवर, आणि माझ्या दृष्टीने हा प्रश्न अस्सल धाराशिवचा आहे. १९४६ साली उस्मानाबादच्या (तेव्हाचं सरकारी नाव तेच, म्हणून पुढे दोन्ही नावं येतील) एखाद्या जिनिंगवाल्याने लॉरी काढली आणि बार्शीच्या वाटेने निघाला, तर तो परदेशात चालला होता. आज जेवण करून निघालं तर चहाच्या वेळेला आपण बार्शीत असतो. तेव्हा मधे सरहद्द होती, नाका होता, वेगळं नाणं होतं, वेगळी दफ्तराची भाषा होती, आणि कॅलेंडरसुद्धा वेगळं होतं.

पीएचडीच्या मुलाखतीला किंवा प्रस्ताव लिहायला बसलेल्या मित्रांसाठी हा लेख आहे. एक साधी वस्तू धरायची, इथे लॉरी, आणि ती कुठून कुठे गेली एवढंच विचारत जायचं. मग सत्ता, पैसा, कायदा, हिंसा हे सगळं आपोआप त्या वाटेवर येऊन उभं राहतं. सिद्धांत नंतर बघू.

आधी नकाशा. आजचा नकाशा बाजूला ठेवा, कारण त्यात सोलापूर आणि धाराशिव हे एका राज्यातले शेजारी जिल्हे आहेत. जुन्या नकाशात सोलापूर आणि बार्शी इंग्रजी मुलखात, तर तुळजापूर, परंडा, कळंब, उमरगा, नळदुर्ग निजामाच्या राज्यात. आपल्याकडची जुनी माणसं या भागाला ‘मोगलाई’ म्हणत. ‘मोगलाईतली सोयरीक’ हा शब्द मी लहानपणी ऐकला होता तेव्हा मला दिल्लीचे मोगल आठवायचे! आणि सरहद्द म्हणजे सरळ रेघ समजू नका. बार्शी तालुका पुष्कळ बाजूंनी निजामी मुलखाने वेढलेला होता, शिवाय दोन्हीकडची काही गावं एकमेकांच्या हद्दीत बेटांसारखी अडकलेली होती. ही भानगड मिटवायला १९५० साली केंद्र सरकारला अशा बेटगावांच्या विलीनीकरणाचा खास आदेश काढावा लागला. म्हणजे त्याआधी एखादी लॉरी सरळ रस्त्याने जाताजाता राज्य बदलू शकत होती.

या भागात रेल्वे होती, पण उस्मानाबाद शहराला नव्हती. बार्शी लाइट रेल्वे ही अडीच फुटी रुळांची छोटी गाडी १८९७ साली बार्शी रोडहून, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीहून, बार्शीपर्यंत आली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने बांधलेली ही लाइन १९११ मध्ये लातूरपर्यंत गेली. उस्मानाबादकरांना त्यातल्या त्यात जवळचं स्टेशन येडशी. शहरातला माल बैलगाडीने नाहीतर लॉरीने येडशीला न्यायचा, तिथे छोट्या गाडीत चढवायचा, कुर्डुवाडीला उतरवून पुन्हा मोठ्या गाडीत भरायचा. कापूस, करडई, शेंगदाणा, ज्वारी... प्रत्येक उतारचढावाला हमाली, प्रत्येक ठिकाणी घट. ज्याच्याकडे लॉरी होती तो हे सगळं टाळून थेट बार्शीच्या किंवा सोलापूरच्या बाजारात जाऊ शकत होता. लॉरी घेणं चैनीचं वाटतं खरं, पण व्यापाऱ्याच्या हिशेबात ते असं बसायचं.

आता लॉरी ‘खासगी’ म्हणजे काय? इथे जरा थांबावं लागेल, कारण नवे संशोधक नेमके इथे घाई करतात. ‘खासगी’ हा शब्द आपण मालकीसाठी वापरतो. कायद्याने तो वापरासाठी वापरला होता. ब्रिटिश हिंदुस्थानच्या १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने मालवाहतूक करणाऱ्यांचे दोन वर्ग केले, पब्लिक कॅरियर आणि प्रायव्हेट कॅरियर. दुसऱ्याचा माल भाड्याने नेणारा तो पब्लिक. जो मालक आपली गाडी फक्त आपल्या मालकीच्या मालासाठी, किंवा आपल्या धंद्याला लागणाऱ्या मालाच्या ने-आणीसाठी वापरतो, आणि ज्याचा मुख्य धंदा वाहतुकीचा नाही, तो प्रायव्हेट. आपण विकलेला माल पोचवणं, आपल्याकडे प्रक्रियेला येणारा माल गोळा करून आणणं, हे भाडं धरलं जात नव्हतं. ट्रकच्या कपाळावर ‘पब्लिक कॅरियर’ लिहायची जी पद्धत आपण लहानपणापासून बघितली ती या वर्गवारीतून आली. १९८८ चा नवा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला, त्यात ही विभागणी गेली, पण पेंटरांनी पुढे कितीतरी वर्षं ती अक्षरं रंगवणं सोडलं नाही. अक्षर उरतं, कायदा जातो. दफ्तरात काम करताना हे सारखं दिसेल.

ही विभागणी केली कशासाठी? मुख्य कारण रेल्वे. १९३० च्या आसपास मोटारी रेल्वेचं उत्पन्न खाऊ लागल्या होत्या. मिचेल आणि कर्कनेस या दोन अधिकाऱ्यांनी १९३२-३३ मध्ये रेल्वे आणि रस्ता यांच्या स्पर्धेवर अहवाल दिला, आणि त्या चर्चेतून पुढे परमिटची पद्धत घट्ट होत गेली. भाड्याने चालणाऱ्या लॉरीवर जास्त बंधनं, स्वतःच्या मालाची लॉरी त्या मानाने मोकळी. मग चतुर माणूस काय करेल? शेजाऱ्याचा माल कागदावर आपला करेल. ‘माल माझाच आहे साहेब’ हे वाक्य रस्त्यावर किती वेळा म्हटलं गेलं असेल याची मोजदाद कुठल्याच अहवालात सापडणार नाही. पण कायद्याच्या कलमात इतक्या बारीक व्याख्या का आल्या, याचं उत्तर त्या वाक्यात आहे. कलम वाचताना नेहमी विचारा: हे लिहायची पाळी कोणामुळे आली?

निजामाच्या राज्यात हा १९३९ चा कायदा आपोआप लागू नव्हता. तिथले मोटारीचे नियम संस्थानाचे, लायसन संस्थानाचं, नोंदणी संस्थानाची. प्रवासी वाहतुकीत तर निजाम सरकार ब्रिटिश इलाख्याच्या पुढे होतं. १९३२ च्या जूनमध्ये निजाम स्टेट रेल्वेने २७ बस आणि १६६ नोकर घेऊन सरकारी बससेवा सुरू केली. आपली एसटी १ जून १९४८ ला पुणे ते नगर धावली, म्हणजे सोळा वर्षांनी. मराठवाडा ‘मागास’ म्हणून सुरुवात करणारे प्रबंध मी पुष्कळ वाचलेत. त्यांनी ही तारीख एकदा लिहून भिंतीला चिकटवावी.

बरं, आता आपली लॉरी निघाली. साल १९४६ धरू. जुनी गाडी आणायला तेव्हाच का? कारण युद्धाच्या काळात नव्या गाड्या सामान्य माणसाला मिळेनाशा झाल्या होत्या. १९४१ पासून पेट्रोलचं रेशनिंग होतं. बस आणि लॉरींच्या मागे कोळशाच्या भट्ट्या बसवून गॅसवर गाड्या चालवत होते. चढ आला की प्रवाशांनी उतरायचं. टायर नाही, सुटे भाग नाहीत. युद्ध संपलं तेव्हा रस्त्यावर ज्या लॉऱ्या होत्या त्या अक्षरशः मेटाकुटीला आलेल्या. आणि त्याच वेळी सैन्याकडे, खास करून अमेरिकन सैन्याने मागे ठेवलेला, गाड्यांचा डोंगर पडला होता. विलीज आणि फोर्डच्या जीप, डॉज, जीएमसी, कॅनडात बनलेल्या शेवरोले लॉऱ्या. १९४६ मध्ये अमेरिकन शिल्लक माल हिंदुस्थान सरकारने घेतला आणि डिस्पोजल खात्यामार्फत तो विकायला निघाला. ‘डिस्पोजल’ हा शब्द त्या वाटेने मराठीत आला आणि राहिला. जुन्या लोकांशी बोलताना ‘लिलावातली गाडी’ असं विचारलंत तर ते विचारात पडतील, ‘डिस्पोजलची गाडी’ म्हणालात की लगेच खुलतील.

देशात ट्रक बनत नव्हते हेही लक्षात घ्या. जनरल मोटर्स १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्या जोडत होती, फोर्डही मुंबईत जोडत होती, पण ती जोडणी. महिंद्रांनी विलीजच्या जीप जोडायला सुरुवात केली ती १९४७ मध्ये, आणि टेल्कोचा मर्सिडीज ट्रक आला १९५४ मध्ये. म्हणून १९४६ ते १९५४ या आठेक वर्षांत गावाकडच्या माणसाला लॉरी हवी असेल तर बहुतेक वेळा ती कुणाची तरी जुनी असायची. या काळाला मी माझ्या नोंदींमध्ये ‘उष्ट्या गाड्यांचा काळ’ म्हणते. प्रबंधात हे नाव घालायचं धाडस अजून केलेलं नाही.

या गाड्या जिथे विकल्या जात होत्या ती ठिकाणं ब्रिटिश इलाख्यात. उस्मानाबादच्या माणसाने पुण्या-मुंबईकडे जायचं म्हणजे सरहद्द ओलांडणं आलंच, आणि परत येताना करोडगिरीचा नाका. करोडगिरी म्हणजे निजाम सरकारचं जकात खातं. १८०२ साली इंग्रज आणि निजाम यांच्यात व्यापारी तह झाला, त्यात ब्रिटिश मुलखातून येणाऱ्या मालावर शेकडा पाचपर्यंत जकात ठरली होती. हा आकडा पुस्तकांतून इतक्या वेळा येतो की आपण तो १९४६ लाही तसाच चिकटवतो. तसं करू नका. तहातला दर वेगळा आणि एखाद्या वर्षाच्या दरपत्रकात मोटारीपुढे लिहिलेला दर वेगळा असू शकतो, म्हणून त्या त्या वर्षाचं दरपत्रक उघडायचं. पण हिशेब कसा चालायचा हे समजायला पाच टक्के धरू.

समजा पुण्याकडे एक जीप १,८०० रुपयांना मिळाली. हे रुपये ‘कलदार’, म्हणजे इंग्रजी. निजामाच्या राज्यात चालायचा उस्मानिया सिक्का, लोकांच्या तोंडी ‘हाली’. सहा कलदारला सात हाली हा ठोकळ भाव. म्हणजे घरच्या पेटीतून निघाले २,१०० हाली. सराफाने बदलून देताना आपला बट्टा कापला तो वेगळा. नाक्यावर जकात १०५ हाली. आणि ही जीप मुळात परदेशातून आयात झालेली; जी नवी मोटार सरळ बंदरातून येई तिला मुंबईत ब्रिटिश हिंदुस्थानची सागरी जकात आणि सरहद्दीवर पुन्हा करोडगिरी, असा दुहेरी भार. हैदराबादला समुद्र नव्हता, ही त्या राज्याची जुनी सल होती. पुढे निजामाचे सल्लागार गोव्याच्या मुरगाव बंदराचा विचार करत होते त्यामागे हेच दुखणं आहे.

एक इशारा. जुन्या वहीत ‘रु. २,१००’ एवढंच लिहिलेलं सापडलं, तर ते हाली की कलदार हे ठरवल्याशिवाय एक आकडाही पुढे नेऊ नका. सरहद्दीवरच्या व्यापाऱ्यांच्या वहीत दोन्ही असतात, कधीकधी एकाच पानावर.

तारखांचंही तसंच. निजामाच्या दफ्तरात फसली सन. वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला आजूर महिन्याने सुरू होतं. १३५७ फसली म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८. फसली सनात ५९० मिळवले की सुरुवातीचं इसवी साल मिळतं, ५९१ मिळवले की वर्षाच्या उरलेल्या भागाचं. नुसतं एक वर्ष इकडचं तिकडे झालं तर काय मोठंसं, असं वाटेल. पण १३५७ फसली हे एकच वर्ष बघा: त्यात जैसे थे करार आहे, नाकेबंदी आहे, रझाकार आहेत आणि पोलीस ॲक्शनही आहे. त्या वर्षातला महिना चुकला की राज्यच चुकतं. दफ्तर उर्दूत, हेही आलंच. आमच्या विद्यापीठाच्या परिसरात मराठवाड्याच्या आधुनिक इतिहासावर काम करू इच्छिणारे खूप भेटतात, उर्दू शिकायला बसलेले फार थोडे. सहा महिने द्या, लिपी येते. ‘अव्वल तालुकदार’ म्हणजे आपला कलेक्टर, एवढं तरी अनुवादकाला विचारावं लागू नये.

आता खरा मुद्दा. एकच लॉरी, एकच रस्ता, दहा वर्षांत तिचा प्रवास कायद्याने किती वेळा बदलला ते बघा.

१४ ऑगस्ट १९४७ पर्यंत ती संस्थानातून ब्रिटिश हिंदुस्थानात जात होती. दोन्हीकडे वर इंग्रजांची सार्वभौम सत्ता, खाली नाके वेगळे. १५ ऑगस्टनंतर भारत स्वतंत्र झाला, हैदराबाद त्यात सामील झालं नाही. म्हणजे उस्मानाबादहून बार्शीला जाणारी लॉरी आता भारतीय संघराज्याच्या बाहेरून आत येत होती. २९ नोव्हेंबर १९४७ ला एका वर्षाचा जैसे थे करार झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत निजाम सरकारने वटहुकूम काढून भारतीय चलन संस्थानात कायदेशीर चलन राहणार नाही असं ठरवलं आणि मौल्यवान धातू बाहेर नेण्यावर बंधनं घातली. भारताने यावर हरकत घेतली. हे सगळं राजकीय इतिहासाच्या पुस्तकांत दिल्ली आणि हैदराबाद यांच्यातला पत्रव्यवहार म्हणून येतं. तुम्ही ते लॉरीवाल्याच्या बाजूने वाचा. खिशात कलदार घेऊन मोगलाईत परतलेल्या माणसाचा पैसा एका वटहुकमाने संशयित झाला.

उलट बाजूने भारताकडून आर्थिक नाकेबंदी कडक होत गेली. पेट्रोल, यंत्रसामग्री, सुटे भाग यांची तंगी झाली. हैदराबाद सरकार याची तक्रार करत राहिलं, दिल्लीचं म्हणणं होतं की शस्त्रं आणि युद्धोपयोगी वस्तूच रोखल्यात. आता जुनी मिलिटरी जीप युद्धोपयोगी की घरगुती? १९४६ मध्ये जी वस्तू भंगाराच्या भावात मिळत होती, तीच १९४८ मध्ये सरहद्दीवर संशयाची वस्तू झाली. वस्तू तीच आहे, फक्त वर्ष बदललंय. शस्त्रं तर त्या काळात सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून विमानाने हैदराबाद संस्थानात उतरवत होता, त्याला सरहद्दीचा नाका लागत नव्हता. नाका नेहमी जमिनीवरच्या माणसाला लागतो.

याच महिन्यांत याच रस्त्यांवरून माणसंही निघाली. रझाकारांच्या भीतीने मराठवाड्यातली कुटुंबं सरहद्द ओलांडून बार्शी, सोलापूर, नगरकडे गेली. स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी सरहद्दीवर भारताच्या बाजूला सशस्त्र कॅम्प उभे केले. उस्मानाबाद जिल्ह्याच्या लढ्यातलं एक ठळक नाव फुलचंद गांधी, जे पुढे १९५२ मध्ये हैदराबाद राज्याच्या मंत्रिमंडळात गेले. या काळाबद्दल मुलाखती घेताना गाडीचा उल्लेख हमखास येतो: कोणी कोणाला लॉरीत घालून पार नेलं, कोणाची लॉरी अडवली. कायद्याच्या भाषेत ती ‘खासगी’ लॉरी, पण त्या रात्री तिच्यात स्वतःचा माल नव्हता, शेजाऱ्याची बायकापोरं होती. यासाठी कोणत्या वर्गाचा परवाना लागतो, ते १९३९ च्या कायद्यात शोधत बसायचं काम मी तुमच्यावर सोपवते.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य सोलापूरहून निघालं ते हैदराबादच्या हमरस्त्याने, आणि पहिलं मोठं ठिकाण नळदुर्ग. बोरी नदीवरचा पूल उडवला जाण्याआधी ताब्यात घेणं महत्त्वाचं होतं, तो मिळाला आणि फौज उमरग्याच्या दिशेने पुढे गेली. त्याच रस्त्याने आज आपण एसटीने जातो. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली, जनरल जयंतनाथ चौधुरी लष्करी गव्हर्नर झाले.

आणि तरीही लॉरी लगेच ‘देशात’ आली नाही! संस्थान गेलं, पण हाली सिक्का आणि अंतर्गत जकात पुढची काही वर्षं चालू राहिली, टप्प्याटप्प्याने संपली. २६ जानेवारी १९५० ला हैदराबाद हे भाग ‘ब’ राज्य झालं, तेव्हाही बार्शीहून येताना नाण्याचा हिशेब करावा लागत होता. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला तेव्हा कुठे बार्शी आणि उस्मानाबाद एका राज्यात आले. तुम्ही ‘१७ सप्टेंबर’ ही तारीख मुक्तिदिन म्हणून साजरी करता, करायलाच हवी. पण संशोधनात एका तारखेला सगळं बदललं असं लिहू नका. झेंडा एका दिवसात बदलतो, नाणं पाच-सात वर्षांनी आणि सवय त्याहून उशिरा.

आता मुलाखतींकडे येते, कारण माझ्या मते या विषयातली सगळ्यात अवघड जागा तिथे आहे.

जिल्ह्यात कुठेही जुन्या गाडीवाल्या घरात बसलात की एक वाक्य ऐकू येतं: ‘आमच्याकडं मिलिटरीची गाडी होती.’ विद्यार्थी लिहून घेतो आणि पुढच्या प्रश्नाकडे जातो. थांबा. मिलिटरीची म्हणजे कोणत्या मिलिटरीची? अमेरिकन शिल्लक माल, जो १९४६ नंतर डिस्पोजलमध्ये विकला गेला? भारतीय सैन्याने पुढे निकालात काढलेली? की निजामाच्या फौजेची? की नुसती हिरव्या रंगाची? गाडी शिल्लक असेल तर ती स्वतः थोडं सांगते. विलीजच्या युद्धकालीन जीपच्या डॅशबोर्डवर पत्र्याच्या पट्ट्या असत, त्यांवर नंबर आणि सैन्याला दिल्याची तारीख. फोर्डने बनवलेल्या जीपच्या बोल्टांवर, सुट्या भागांवर बारीक ‘एफ’ कोरलेला असे. पण फार विसंबू नका. आपल्याकडच्या गॅरेजवाल्यांनी एका जीपचा सांगाडा, दुसरीचं इंजिन आणि तिसरीचं बोनेट घालून चौथी तयार केली, तिची लांबी वाढवून तीत वडापला वीस माणसं बसवली. अशा गाडीचं मूळ शोधणं म्हणजे गावच्या वाड्याचं मूळ शोधण्यासारखं आहे, प्रत्येक पिढीने एक भिंत घातलेली.

कागद शोधायचे तर नोंदणीचं पुस्तक, विम्याचा कागद, खरेदीची पावती, आणि या सगळ्यात विकणाऱ्याचं नाव. नंबर प्लेटवरही लक्ष ठेवा. आज धाराशिवची गाडी एमएच २५, सोलापूरची एमएच १३, लातूरची एमएच २४. लातूर जिल्हा १९८२ मध्ये उस्मानाबादमधून वेगळा झाला, म्हणून त्याआधीच्या ‘उस्मानाबाद जिल्ह्याच्या’ आकडेवारीत आजचं लातूर आहे हे विसरलात तर गाड्यांची संख्या अचानक निम्मी झाल्याचा भास होईल आणि तुम्ही त्यावर एक प्रकरण लिहून बसाल.

विकणाऱ्याच्या नावाबद्दल आता बोलायलाच हवं. पोलीस ॲक्शननंतरच्या आठवड्यांत मराठवाडा आणि आसपासच्या भागात मुसलमानांवर मोठे अत्याचार झाले. भारत सरकारच्या वतीने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांनी त्या वर्षाच्या अखेरीस दौरा करून अहवाल दिला. सर्वांत जास्त हानी झालेल्या जिल्ह्यांत त्यांनी उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड ही नावं लिहिली. संस्थानभरात मेलेल्यांचा त्यांचा अंदाज २७ ते ४० हजार. अहवाल दशकानुदशकं प्रसिद्ध झाला नाही. घरं, दुकानं लुटली गेली, माणसं गाव सोडून गेली. त्याआधीच्या वर्षात रझाकारांच्या काळात दुसऱ्या घरांचं हेच झालं होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकीचा हिशेब दुसरीत वळता करू नका.

म्हणून १९४८ च्या शेवटी किंवा १९४९ मध्ये एखादी जुनी लॉरी, जुनी जीप ‘स्वस्तात मिळाली’ असं कोणी सांगितलं, की माझं पेन थबकतं. स्वस्त का मिळाली? डिस्पोजलमधून आली म्हणून, की विकणाऱ्याला चार दिवसांत गाव सोडायचं होतं म्हणून? पहिल्या शक्यतेत ती मोटारीच्या इतिहासातली नोंद आहे. दुसऱ्या शक्यतेत ती एका घराच्या उजाड होण्याची नोंद आहे, आणि ती सांगणाऱ्या आजोबांना कदाचित ठाऊकही नसेल, कारण तेव्हा ते दहा वर्षांचे होते आणि त्यांना फक्त गाडीत बसल्याचा आनंद आठवतो. त्यांच्यावर आरोप ठेवायला तुम्ही गेलेला नाही आहात. पण प्रश्न विचारल्याशिवाय उठायचंही नाही. मी प्रश्नांचा क्रम ठरवून घेतलाय. आधी गाडीचा रंग, आवाज, पहिला प्रवास कुठे केला, ड्रायव्हर कोण होता. माणूस बोलता होतो. मग कुठून आणली. आणणारे कोण गेले होते, लॉरी कोणाची होती, ओढून आणली की वर टाकून? पैसे हालीत दिले की कलदारमध्ये? आणि शेवटी: ज्यांच्याकडून घेतली ते घर अजून तिथे आहे का?

ओढून की वर टाकून, हा प्रश्न तांत्रिक वाटेल. आजच्या १९८८ च्या कायद्यातही त्यावर सगळं अवलंबून आहे. मालवाहू गाडीला, रिकामी असली तरी आणि माल स्वतःचा असला तरी, परमिट लागतं. तीन हजार किलोच्या आतली मालगाडी सुटते. आणि बंद पडलेली गाडी ओढून नेणाऱ्या वाहनालाही परमिटमधून सूट आहे. म्हणजे जीप दोराने मागे बांधली तर ती ‘बंद पडलेली गाडी’, उचलून हौद्यात टाकली तर ‘माल’. जुनी गाडी आणायला गेलेल्या माणसाला हा फरक नाक्यावरच्या शिपायाशी बोलताना लगेच कळतो. तुम्हाला तो मुलाखतीतून कळेल, कारण ज्याने गाडी ओढून आणली त्याला वाटेतला प्रत्येक चढ आठवतो, कुठे दोर तुटला, कुठे रात्र काढली. त्यातून रस्ता कळतो, नाका कळतो, आणि नाका कधी होता, कधी नव्हता यावरून बहुतेक वेळा वर्षही कळतं, फसलीत नाहीतर इसवीत.

दिवाळीनंतर मी परंडा आणि भूमकडच्या गावांत पुढच्या मुलाखती घेणार आहे. तुमच्या घरी, आजोळी अशी गाडी असेल तर आधी तिचं नोंदणीपुस्तक शोधा आणि पानांचे फोटो काढून ठेवा, मागच्या कव्हरसकट. पेन्सिलीने लिहिलेले हिशेब बहुतेक वेळा तिथेच असतात.